माझी मुलगी घाबरली नव्हती

आमच्या नातेवाइकांत एक गोष्ट बरीच वर्षं सांगितली जाते. माझ्या मुलीचं वजन कमी करण्याचं ऑपरेशन ठरलं होतं, तारीख मिळाली होती, आणि ती ऐनवेळी घाबरून मागे फिरली. मग काही महिन्यांनी धीर गोळा करून पुन्हा गेली. लग्नात, बारशाला, कुणी ना कुणी हा विषय काढतंच. "पहिल्यांदा पळाली होतीस ना गं?" त्यावर मुलगी म्हणते, "पळता आलं असतं तर ऑपरेशन कशाला केलं असतं?" सगळे हसतात. मीही हसत आलो आहे.

ही गोष्ट खोटी आहे आणि ती मी तयार केलेली आहे. मुलीने एकदाही ती खोडून काढली नाही. माझी आता ऐंशी उलटली आहे. जे झालं ते जसं झालं तसं लिहून ठेवायचं ठरवलं आहे, आणि खरं सांगतो, लिहायला बसल्यापासून मला त्या दिवसांतला उत्साह पुन्हा चढला आहे. कारण ते दिवस वाईट नव्हते. आमच्या घरात इतकी धामधूम त्याआधी कधी झाली नव्हती.

मी शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर शनिवार पेठेतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात दहावीचे क्लास घेतले. माझी ख्याती एकच होती. परीक्षेत काय येणार, हे मला आधी कळायचं. मुलं माझ्याकडे मराठीसाठी येत नसत, अंदाजासाठी येत. मी प्रश्न काढायचो, उत्तरं बसवून घ्यायचो आणि निकालाच्या दिवशी पेढ्यांचे पुडे मोजत नसलो तरी बघत जरूर असे. माझ्या बायकोचं म्हणणं होतं की यांना देवाने काही विचारलं तर हे आधी मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका मागतील.

मुलगी तेव्हा चाळिशीच्या जवळ आली होती. विम्याच्या कचेरीत नोकरी, लग्न झालेलं नाही. वजन लहानपणापासूनच जास्त, पण पुढे त्याने गुडघे धरले, साखर आली, आणि रात्री श्वास अडकतो म्हणून नाकाला नळी लावणारं मशीन उशाशी आलं. डॉक्टरांनी पोटाचं ऑपरेशन सुचवलं. जठर लहान करतात, थोडं खाल्लं की पोट भरतं. तिने महिनाभर माहिती काढली, ऑपरेशन झालेल्या दोघी-तिघींशी बोलली आणि एका संध्याकाळी जेवताना शांतपणे म्हणाली, "मी करून घेणार आहे."

मला इतका आनंद झाला की मी उठून पुन्हा हात धुतले. झोपेत मला ती सडपातळ दिसायला लागली. सकाळी फिरायला जाताना मी नदीकाठाने जवळजवळ धावत असे. ओळखीचे विचारायचे, "सर, काय विशेष?" मी म्हणायचो, "कळेल लवकरच."

रक्ताच्या, हृदयाच्या तपासण्या झाल्या. शेवटी दवाखान्यातून सांगितलं की ऑपरेशनआधी मानसतज्ज्ञांना भेटावं लागेल. त्या बोलतील, काही प्रश्न विचारतील.

प्रश्न म्हटल्यावर माझे कान टवकारले.

"म्हणजे तोंडी परीक्षा," मी म्हणालो.

"परीक्षा नाही बाबा," मुलगी म्हणाली. "मनाची तयारी आहे का ते बघतात. आपल्या अपेक्षा काय आहेत, ते विचारतात."

"तेच ते. अपेक्षित प्रश्न."

दुसऱ्या दिवसापासून मी तिचा क्लास घ्यायला लागलो. ती कचेरीतून आली, चहा झाला की आम्ही समोरासमोर बसायचो. मी मानसतज्ज्ञ व्हायचो. चष्मा नाकावर ओढून विचारायचो, "ऑपरेशनकडून तुमच्या काय अपेक्षा आहेत?" ती म्हणायची, "बारीक व्हायचंय." मी म्हणायचो, "अर्धा गुण." मग दवाखान्याच्या माहितीपत्रकातून मी बसवलेलं उत्तर तिला म्हणायला लावायचो. ऑपरेशन ही जादू नाही, ते साधन आहे. वजन हळूहळू उतरेल, मध्येच थांबेलही. त्वचा सैल पडेल, केस गळतील. आयुष्यभर गोळ्या घ्याव्या लागतील आणि घास चावून खावा लागेल. आनंद वजनकाट्यावर अवलंबून नसतो.

शब्द अगदी खरे होते. त्यातल्या एकावरही माझा विश्वास नव्हता.

तिला मजा येत होती, हेही सांगितलं पाहिजे. कित्येक वर्षांत आम्ही दोघं इतकं एकत्र बसलो नव्हतो. मी अवघड प्रश्न टाकायचो, "दुःख झालं की तुम्ही काय खाता?" आणि ती गंभीर चेहरा करून म्हणायची, "वडिलांचं डोकं." बायको स्वयंपाकघरातून ऐकत असायची. एकदा पोळी लाटता लाटता म्हणाली, "अहो, तुम्हीच का नाही बसत परीक्षेला? नाहीतरी उत्तरं तुमचीच आहेत."

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. क्लासमध्ये पालकांनी बोललेलं मला चालत नसे.

भेटीच्या दिवशी मी बरोबर गेलो. आदल्या दिवशी मंडईतून लिंबं आणून बायकोने बाटलीत सरबत करून दिलं होतं, जसं बोर्डाच्या परीक्षेला मुलांबरोबर देतात. मुलगी आत गेली. मी बाहेर बाकावर बसलो आणि मनातल्या मनात एकेक प्रश्न पुढे सरकवत होतो. आता अपेक्षा झाल्या असतील, आता खाण्याच्या सवयी, आता घरच्यांचा आधार. माझे पाय हलत होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, "ऑपरेशन चालू आहे का आत?" मी म्हणालो, "नाही, तोंडी."

दार उघडलं आणि मानसतज्ज्ञ स्वतःच बाहेर आल्या. वयाने माझ्या मुलीहून लहान, साध्या सुती कुडत्यातल्या. "काका, तुम्ही पण आत येता का?"

मला वाटलं, कौतुक करायला बोलावलं.

आत गेल्यावर त्या हसून म्हणाल्या, "यांना मी विचारलं, ऑपरेशननंतर काय बदलेल. यांनी 'प्रथमतः' म्हणून सुरुवात केली. मग 'द्वितीयतः' आलं. 'सारांश असा की' आल्यावर मी विचारलं, तुम्ही शिक्षिका आहात का. तर म्हणाल्या, शिक्षकांची मुलगी."

मुलगी खाली बघत होती, पण तिचे खांदे हसण्याने हलत होते. मीही हसलो. त्या खोलीत त्या क्षणी तिघंही मजेत होतो.

"पास झाली ना पण?" मी विचारलं.

"इथे कुणी पास-नापास होत नाही, काका. मला एक सांगा. ऑपरेशननंतर काय होईल असं तुम्हाला वाटतं? उत्तर पाठ नसलं तरी चालेल."

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. माझ्यासाठी प्रश्न असेल, हे मला सुचलंच नव्हतं. त्यामुळे जे मनात होतं ते सगळं बाहेर आलं, आणि मला थांबवेना. मी म्हणालो, हिचं आयुष्य बदलून जाईल. ही मोकळी हिंडेल, हिच्या आईचा शालू नेसेल, जे जे हिला नाही म्हणाले ते तोंडात बोटं घालतील. आणि लग्न होईल. होईल काय, जवळजवळ ठरलंच आहे. कोथरूडचं चांगलं घर आहे, मुलाची पहिली बायको वारली आहे, मी त्यांना सांगून ठेवलंय की मुलगी दिवाळीनंतर दाखवतो, तोवर ती एकदम वेगळी दिसेल.

मी हे आनंदाने सांगत होतो. माझ्या मनात तो तिच्यासाठी राखून ठेवलेला पेढा होता.

मुलीचे खांदे हलायचे थांबले होते.

"बाबा, तुम्ही कुणाला काय सांगितलंय?"

"अगं, नुसतं बोलून ठेवलंय."

"मला न विचारता? वेगळी दिसेन म्हणून?"

मानसतज्ज्ञांनी टेबलावरचा पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला. मग तिला विचारलं, "यातलं तुम्हाला काय हवंय?"

मुलगी पेल्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मला राहवेना, मी उत्तर सुचवायला तोंड उघडलं. बाईंनी हात थोडासा वर केला. चाळीस वर्षं वर्गात मी जो हात वर करून मुलांना गप्प करत आलो, अगदी तोच. मी गप्प झालो.

"मला नाही सांगता येत," मुलगी म्हणाली. "आत्ता डोक्यात सगळी बाबांचीच वाक्यं आहेत."

मग ती दुसरं काही बोलायला लागली, जे मी कधी ऐकलं नव्हतं. कचेरीतून येताना ती स्वारगेटच्या अलीकडे बेकरीपाशी गाडी उभी करते आणि गाडीवर बसूनच दोन पॅटीस खाते. भूक असो नसो. कारण घरी ताटात दुसरी पोळी घेतली की बाबा म्हणतात, "घे, घे, गुडघे काय दुसरे मिळतात." रागावून नाही, विनोदाने म्हणतात. लहानपणापासून म्हणतात. म्हणून घरी ती एकच पोळी खाते आणि सगळ्यांना वाटतं, हिचं वजन हवेवर वाढतं.

मला तो विनोद आठवत होता. तो मला चांगला वाटत असे.

बाईंनी शांतपणे सांगितलं की ऑपरेशन नाकारायचं काही कारण नाही, पण घाईचंही नाही. पोट लहान केलं तरी बेकरी रस्त्यात राहणारच आहे. आणि ज्या गोष्टी ऑपरेशनच्या हातातच नाहीत त्या त्याच्याकडून मागितल्या, तर वजन उतरूनही माणूस खचतो. आधी काही वेळा भेटू या, एखाद्या वेळी घरचेही येऊ देत. मुलीने लगेच मान डोलावली. तारीख पुढे टाका, असं तिनेच सांगितलं. आवाज स्थिर होता. घाबरलेल्या माणसाचा आवाज मी परीक्षेच्या मोसमात हजारदा ऐकलेला आहे, हा तो नव्हता.

घरी पोचलो आणि फोन वाजला. माझी धाकटी बहीण होती. ऑपरेशनच्या वेळी डबा आणायची जबाबदारी तिने घेतली होती.

"काय रे दादा, झालं का सगळं? तारीख पक्की?"

मुलगी दारात चपला काढत होती. खरं उत्तर तयार होतं. मी न विचारता तिचं लग्न जुळवायला निघालो, आणि तिच्या तोंडात माझी वाक्यं कोंबली, म्हणून पुढे ढकललं. माझ्या तोंडून निघालं, "अगं, जरा घाबरली ती. साहजिकच आहे."

फोन ठेवला. मुलगी म्हणाली, "मी घाबरले का बाबा?"

"सांगायला सोपं जातं."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली.

बायकोला कोथरूडचं कळलं तेव्हा ती इतकंच म्हणाली, "दिवाळीनंतर? फराळाच्या ताटातून पाठवणार होतात का मुलीला?" मी त्या घरी फोन करून नकार कळवला. तेवढं त्या आठवड्यात धडपणे केलं.

पुढचे काही महिने आमच्या घरी नवा अभ्यासक्रम लागू झाला. बाईंनी मला एकच काम दिलं होतं. जेवताना कुणाच्याही ताटाबद्दल काही बोलायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या दिवशी मी आमटी वाढून घेईपर्यंत तीनदा तोंड उघडून मिटलं. बायको म्हणाली, "आता आपल्याकडे पाणीकपातीसारखी बोलणीकपात." मुलगी खदखदून हसली आणि तिने दुसरी पोळी घेतली, माझ्या देखत. मी छताकडे बघत राहिलो. माझा ऊर भरून येण्याचा स्वभाव नाही, पण ती पोळी ताटात पडली तेव्हा मला विलक्षण वाटलं.

दवाखान्यात ऑपरेशन झालेल्यांची बैठक असे, तिथेही आम्ही गेलो. एक गृहस्थ उठले, गावाकडचे, पण गाव आता शहरातच आलेलं. म्हणाले, "वजन गेलं, पण राग हाय तिथंच हाय. बायको म्हंती, ते पण काढून आणायचं व्हतं की दवाखान्यातनं." सगळी खोली हसली. मीही हसलो आणि मग माझ्या लक्षात आलं की माहितीपत्रकात जे होतं ते हेच होतं. मी ते पाठ करून घेतलं, आणि या माणसाने ते सोसून सांगितलं.

बेकरी एकदम सुटली नाही. कधी ती सांगायची, "आज थांबले." आम्ही "बरं" म्हणायचो. कधी सांगायची, "आज थांबून नुसतीच बसले." त्या दिवशी आम्हा तिघांनाही काहीतरी जिंकल्यासारखं होई.

शेवटच्या भेटीला बाईंनी आम्हा दोघांनाही बोलावलं आणि मुलीला तोच प्रश्न पुन्हा विचारला. आता प्रथमतः नव्हतं. ती म्हणाली, "मला रात्री मशीन न लावता झोपायचंय. गुडघ्यांसाठी करायचंय. आणि आमचा जिना. मी दर मजल्यावर थांबते आणि पर्समधून फोन काढून बघते, म्हणजे कुणाला वाटावं मेसेज आलाय. मेसेज नसतो. दम लागलेला असतो. मला तो फोन काढायचा नाहीये." थोडं थांबून म्हणाली, "लग्नाचं मला माहीत नाही. ते मी ऑपरेशनकडे मागणार नाही."

इतकी वर्षं मी त्या जिन्याच्या तोंडाशी उभा राहून तिला फोन बघताना पाहत आलो होतो आणि म्हणत आलो होतो, "चढताना तरी ठेव तो मोबाइल." असं उत्तर मला जन्मात बसवता आलं नसतं.

ऑपरेशनच्या सकाळी आमच्या घरात लगीनघाई होती. बायकोने थर्मास दोनदा भरला आणि दोनदा विसरली. बहीण डबा घेऊन हजर झाली आणि मुलीची पाठ थोपटून म्हणाली, "या वेळी धीर केलास हो." मुलीने माझ्याकडे पाहिलं. तेव्हा बोलायला हवं होतं. मी डब्यात काय आहे ते विचारलं.

सगळं नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी ती इवल्याशा पेल्यातून पाण्याचा एकेक घोट घेत होती. घोट, मग थांबणं, मग घोट. मी शेजारी बसून बघत होतो आणि कितीतरी वर्षांत पहिल्यांदा मला काहीही सुचवायचं नव्हतं.

पुढे माहितीपत्रकातलं सगळं झालं. केस इतके गळले की ती फणीकडे बघायची नाही. मध्येच वजनाचा काटा अडून बसला, तेव्हा एक अख्खा रविवार ती रडली, आणि मग आम्ही काही बोलायच्या आत तिने स्वतःच बाईंना फोन लावला. एकदा कचेरीतल्या समारंभात घाईने खाल्लं आणि उलटी झाली. सडपातळ ती झालीच नाही, माझ्या स्वप्नातल्यासारखी. पण मशीन माळ्यावर गेलं. आणि एका संध्याकाळी दोन्ही हातांत मंडईतल्या पिशव्या घेऊन ती दारात उभी राहिली, धापा टाकत, चेहरा लाल. म्हणाली, "बाबा, फोन पर्समध्येच आहे." मी पिशव्या घ्यायच्या विसरून तिचा हात हलवत राहिलो. शेवटी बायको म्हणाली, "भाजी तरी आत येऊ द्या."

मग मी हे सगळं आत्ता का लिहितो आहे? गेल्या रविवारी मुलगी घरी असताना बहीण आपल्या नातीला घेऊन आली. नात कॉलेजात शिकते. तिचंही तेच ऑपरेशन ठरतंय आणि मानसतज्ज्ञांची भेट आहे. बहीण बसता बसता म्हणाली, "दादा, हिची जरा तयारी करून घे बाबा. तुझी मुलगी पहिल्यांदा घाबरून पळाली तसं हिचं व्हायला नको." नात पेन हातात घेऊन माझ्यासमोर बसली. अगदी माझ्या क्लासातल्या मुलांसारखी बसली.

मी तिला पेन ठेवायला सांगितलं. मग दोघींना सगळं सांगितलं, कोथरूडपासून पॅटीसपर्यंत. पोळीचा विनोदही जसाच्या तसा सांगितला. सांगताना माझा आवाज चढत गेला, हातवारे व्हायला लागले, आणि बायको स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दाराला टेकून उभी राहिली. बहिणीचा चेहरा उतरला होता. "म्हणजे इतकी वर्षं आम्ही हिला..." ती माझ्या मुलीकडे बघत म्हणाली.

"चालायचंच, आत्या," मुलगी म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "बाबा, छान सांगितलंत. सारांश तेवढा राहिला."

"सारांश नाही," मी म्हणालो.

नातीने घुटमळत विचारलं, "मावशी, मग मी काय सांगू तिथे?"

"ते मला कसं माहीत असणार? चल, खाली जाऊन पेरू घेऊन येऊ. तिखटमीठ लावून खाऊ. मला चार फोडी पुरतात, बाकीचा तुझा."

दोघी गेल्या. बहीण डोळे पुसत बायकोशी बोलत होती. बऱ्याच वेळाने जिन्यात बोलण्याचा आवाज आला म्हणून मी दाराबाहेर येऊन कठड्यावरून खाली वाकलो. पहिल्या मजल्याच्या वळणावर नात थांबली होती. तिने पर्समधून फोन काढला आणि त्यात बघत उभी राहिली. छाती वरखाली होत होती.

माझी मुलगी दोन पायऱ्या पुढे गेली होती. ती मागे आली. पेरूची पिशवी तिने मनगटाला अडकवली, आपलाही फोन बाहेर काढला आणि तिच्याशेजारी उभी राहून त्यात बघायला लागली.

मला वरून काहीतरी म्हणायचं होतं. मी कठडा धरून गप्प उभा राहिलो, त्या दोघी वर येईपर्यंत.